डाव्या भिंतीवरचा शाफ्ट

डाव्या भिंतीवर एकोणीस शाफ्ट टांगलेले होते. त्यांतले अकरा सरळ, सहा मधोमध सांधा असलेले, आणि दोन वाकडे, जे कुणी कधी वापरणार नव्हतं पण टाकून द्यायला कुणाचा हात धजत नव्हता. त्यांच्या खाली फळीवर सात रॅक, नऊ डॅशबोर्ड, चौदा ब्रेक पेडल. सगळ्यात खाली एक खोकं, त्यात बोल्ट. मापवालीने तेही मोजायला घेतले. दोनशे चाळीसपर्यंत आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण बोल्ट मोजत नाही आहोत, नुसता वेळ काढतो आहोत. हातातला बोल्ट खोक्यात टाकून ती उठली.

मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली टपालवालीची गाडी होती. टपालवाली सोमवारी सकाळी अपघातात गेली. आज मंगळवार. गुरुवारी दहा वाजता सरकारी तपासनीस येणार होता.

या वर्कशॉपमध्ये एकच काम चालायचं. जिथे रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूने जाते अशा मुलखांतून जुन्या गाड्या बोटीने यायच्या. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे. इथली रहदारी डाव्या बाजूने, त्यामुळे इथे ते उजवीकडे हवं. मग सगळा संसार उचलून पलीकडे मांडायचा: चाक, पेडल, डॅशबोर्ड, वायपर. इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधला पत्रा कापायचा, जुनं भोक बुजवायचं, नवं पाडायचं. डावीकडून जे निघेल ते डाव्या भिंतीवर जायचं. भिंतीवर चढवण्याआधी वेल्डरकाका प्रत्येक तुकड्याला ब्रशने लाल प्रायमर मारायचे, गंज नको म्हणून. त्यामुळे ती भिंत लांबून बघणाऱ्याला खाटकाच्या दुकानासारखी दिसायची.

हे सगळं मापवालीच्या बाबांनी उभं केलं होतं. बाहेरचे लोक त्यांना मिस्त्री म्हणत. वेल्डरकाका त्यांच्याबरोबर सत्तावीस वर्षं होते, आणि नवीन गिऱ्हाईक आलं की एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला जाऊ देत नसत. मिस्त्रींनी पहिलीवहिली गाडी केली तेव्हा टायर वळवणारा डावा रॅकच उलटा करून उजवीकडे बसवला. बसला छान. फक्त चाक उजवीकडे फिरवलं की गाडी डावीकडे जायची. "पहिल्याच फेरीत मिस्त्रींनी समोरच्या बेकरीचं फाटक उघडलं," काका सांगत. "न उतरता."

मापवाली ही मिस्त्रींची मुलगी. तीन वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती घरी आली, महिनाभर नोकरीचे अर्ज लिहिले, आणि मग एक दिवस वर्कशॉपमध्ये येऊन फळ्यांना आकडे घालायला लागली. मापवाली हे नाव काकांनीच ठेवलं. ती चहाही मोजून साखर घालून पिते, असं ते म्हणत, आणि ते खरं होतं.

चाक कुठे असतं आणि का, हे गिऱ्हाइकांना समजावून सांगायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. ड्रायव्हर रस्त्याच्या मधल्या अंगाला बसतो, ती सांगायची, कारण समोरचा तिकडूनच येतो. दोन गाड्या एकमेकींना घासून जाताना मधलं अंतर त्याला डोळ्यांनी दिसतं. पुढच्या ट्रकच्या पलीकडे काय आहे ते मान थोडी वाकवली की दिसतं. पण मुळात काही मुलखांनी डावी बाजू का धरली आणि काहींनी उजवी का, यावर तिच्याकडे तीन उत्तरं होती. तिन्हींत घोडे होते, तिन्हींचे पुरावे कच्चे होते, त्यामुळे ती तिन्ही सांगायची आणि शेवटी म्हणायची, "यातलं कुठलं खरं ते मला माहीत नाही."

टपालवाली सात महिन्यांपूर्वी आली होती. दार उघडंच होतं, तरी तिने चौकटीवर टकटक केलं होतं.

"मला उलटं करून हवंय," ती म्हणाली.

"उलटंच करतो आम्ही इथे," काका म्हणाले.

"नाही. तुमच्या उलटं. माझी गाडी इथलीच आहे, चाक उजवीकडे. मला डावीकडे हवंय."

काकांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. सत्तावीस वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं.

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या फेरीत दोनशे बारा पेट्या होत्या, सगळ्या कुंपणांना लावलेल्या, रस्त्याच्या कडेला, डाव्या हाताला. ती बसायची उजवीकडे. म्हणजे दोनशे बारा वेळा उतरायचं, गाडीला वळसा घालायचा, टपाल टाकायचं, परत चढायचं. "माझ्या गुडघ्यांचं काय होत असेल ते तुम्हीच मोजा," ती म्हणाली. दोनशे बारा हा आकडा तिने स्वतः मोजलेला आहे हे कळल्यावर मापवालीला ती एकदम आवडली.

"एक अडचण आहे," मापवाली म्हणाली. "डावीकडे बसून ओव्हरटेक करताना पलीकडचं दिसणार नाही."

"मी कुणाला ओव्हरटेक करणार? टपाल आहे, आग लागलेली नाही."

"आणि लोक हसतील. बाजूच्या सीटवर बसून गाडी चालवतेय म्हणून."

"आत्ता बाजूच्या सीटवर टपाल बसतं. त्याच्याकडे बघून कुणी हसत नाही, मग मला काय हसायचंय."

गाडी उघडी पडली तेव्हा ती दोनदा बघायला आली. नुसती बघत नसे, विचारत असे. मी हे फिरवते आणि वळतं ते तिकडे खाली. मध्ये काय आहे? मापवालीने तिला सगळं हाताने धरून दाखवलं. चाकाला दांडा, दांड्याला सांधा, सांध्यातून शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला पुन्हा सांधा, मग छोटं दातेरी चाक, ते एका आडव्या दातेरी पट्टीवर चालतं, तोच रॅक. रॅक इकडे सरकला की दोन्ही टायर इकडे, तिकडे सरकला की तिकडे. आणि वळताना आतल्या बाजूचा टायर बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त वळतो, कारण त्याला लहान वर्तुळ कापायचं असतं. हे ऐकून टपालवाली खूश झाली होती. "म्हणजे दोघं एकत्र वळतात, पण सारखे नाही."

मग तिने शाफ्टवर बोट ठेवून विचारलं, "माझा हात आणि रस्ता, यांच्यामध्ये एवढंच?"

"एवढंच. लोखंडाने लोखंड धरलेलं आहे."

डाव्या बाजूचे सुटे भाग नवे मागवायची गरज नव्हती. भिंत भरलेली होती. इतकी वर्षं जे फक्त वर चढत गेलं ते पहिल्यांदाच खाली उतरणार म्हणून बाबांना कोण आनंद झाला होता. टपालवालीच्या गाडीसारख्याच, तिकडच्या बनावटीच्या पाच गाड्या आजवर वर्कशॉपमध्ये येऊन गेल्या होत्या. पाचही शाफ्ट भिंतीवर होते. बाबांनी त्यांतला एक काढला, डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का ते बघितलं, आणि बसवला.

तो शाफ्ट खालच्या सांध्यात कसा बसतो, हे आता मापवालीच्या डोक्यातून जात नव्हतं. सांध्याला एक नळकांडी, आतून दाते. शाफ्टच्या टोकालाही दाते. टोक नळकांडीत अठ्ठावीस मिलिमीटर आत जायला हवं. नळकांडीतून एक बोल्ट आडवा जातो. शाफ्टला तिथे आडवी खाच असते, बोल्ट त्या खाचेतून पार होतो. म्हणजे बोल्ट पुढेमागे ढिला पडला तरी शाफ्ट निसटू शकत नाही, कारण वाटेत बोल्ट आडवा उभा असतो.

बाबांची पूर्वी एक रीत होती. बोल्ट घालण्याआधी ते त्या भोकात एक खिळा घालायचे, टोक बोथट केलेला, आणि डोळे मिटून खाच चाचपायचे. डॅशबोर्डखाली उताणं पडून, मान वाकडी करून. चार मिनिटं जायची. दीड वर्षापूर्वी मापवालीने आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना आणला. बोल्ट चोवीसला आवळायचा, पाना टक् करून वाजला की बोल्टवर पिवळी रेघ. त्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "बाबा, खिळा कशाला? खाच समोर आली नसेल तर बोल्ट जाणारच नाही, शाफ्टला अडेल. बोल्ट गेला याचा अर्थ खाच आली."

बाबांनी विचार केला होता. "हो की," ते म्हणाले होते. "इतकी वर्षं मी मूर्खासारखा चाचपतोय."

त्यानंतर तो खिळा खिडकीच्या तुटलेल्या कडीच्या जागी गेला.

मंगळवारी सकाळी शाफ्ट मोजून झाल्यावर मापवालीने त्या बनावटीचे उरलेले चार खाली काढले आणि बाकावर शेजारी शेजारी ठेवले. दोन लांब होते, दोन आखूड. फरक सतरा मिलिमीटर. कंपनीने मधल्या एखाद्या वर्षी बसायची उंची बदलली असणार. दोन्हींचे दाते सारखेच, खाचही सारखीच, लाल रंगाखाली दोन्ही जुळी भावंडं. तिने अठ्ठावीसमधून सतरा वजा केले. मग नळकांडीचं माप काढून बोल्ट तोंडापासून किती आत येतो ते बघितलं. अकरा मिलिमीटर आत गेलेल्या शाफ्टचं टोक बोल्टच्या अलीकडेच थांबत होतं. बोल्टला अडायला तिथे काहीच नव्हतं. तो रिकाम्या जागेतून पार झाला असता, चोवीसला आवळला गेला असता, पाना टक् करून वाजला असता.

खाच आली तर बोल्ट जातो, हे खरं होतं. बोल्ट गेला म्हणून खाच आली, हे खरं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर तिनेच त्यावर लाल फुली मारली असती.

पाचवा शाफ्ट कोणता होता, लांब की आखूड, ते कुणालाच आठवत नव्हतं.

तिने बाबांना आणि काकांना बाकापाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. अपघाताचं जेवढं कळलं होतं तेही. खाणीच्या वळणावर गाडी सरळ गेली होती. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा होत्या, नऊ मीटर, आणि त्यात जराही वाक नव्हता. पुढे दगडी कठडा. तिथून गाडी इथे आली कारण ठाण्याच्या आवारात जागा नव्हती आणि ओढून आणणारी क्रेन वर्कशॉपचीच होती. दारांवर कागदी सील लावून शिपाई निघून गेला होता. क्रेनवाल्याने जाता जाता एवढं सांगितलं होतं की खालचा सांधा सुटलेला आहे.

"आदळल्यावर सुटला असेल," काका म्हणाले.

"असेल. किंवा सुटला म्हणून आदळली असेल. दोन्ही शक्य आहे."

"मग ते कळणार कसं?"

"तुमच्या प्रायमरवरून," मापवाली म्हणाली. "शाफ्ट नळकांडीत जितका आत गेला तितका लाल रंग खरवडून निघाला असणार. तेवढा पट्टा चकचकीत असेल. पुढचा लालच राहिला असेल. पट्टा अठ्ठावीस असेल तर शाफ्ट पूर्ण बसला होता आणि धडकेने उपसला गेला. अकरा असेल तर तो कधी बसलाच नव्हता."

 बाबांनी आखूड शाफ्ट उचलला, अंगठा दात्यांवरून फिरवला आणि परत ठेवला.

काकांनी शांतपणे आजूबाजूला बघितलं, जणू बाहेरचं कुणी ऐकत असावं. मग मागच्या फळीवरून पॉलिश पेपरचा एक ताव काढला, त्याची दोन बोटांएवढी पट्टी फाडली आणि बाकाच्या कडेवर ठेवली. "मी काही म्हणत नाही," ते म्हणाले. "फक्त एवढंच की सतरा मिलिमीटरचा रंग काढायला पाच मिनिटं लागतात."

"आणि मग?" मापवाली म्हणाली.

"मग काय. बाई गेली ती काही परत येत नाही. मिस्त्री अजून आहेत."

"आणि लोक म्हणतील ते?"

लोक म्हणतच होते. उलट्या बाजूला बसायची, वळणाचा अंदाज चुकला. टपाल कचेरीतही हेच, दुकानातही हेच. कुठल्याही वळणावर चाक डावीकडे असो की उजवीकडे, फिरवलं तर गाडी तितकीच वळते, हे मापवालीने कालपासून तिघांना समजावलं होतं. तिघांनीही मान हलवली होती आणि पुढे तेच म्हणाले होते.

"लोक आजही म्हणतायत," काका म्हणाले. "आपण म्हणायला लावत नाही आहोत."

ती पट्टी बाकावरच राहिली. कुणी ती उचलून ठेवली नाही, कुणी फेकलीही नाही.

बुधवारी दुपारी काका जेवायला घरी गेले तेव्हा मापवालीने ती उचलली. आपण फक्त जागेवर ठेवतो आहोत, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि पट्टी मुठीत घेऊन ती मागच्या शेडमध्ये गेली.

ताडपत्रीचा कोपरा वर केल्यावर रबर जळल्यासारखा वास आला. पुढचा भाग वहीचं पान चुरगाळावं तसा आत गेला होता. इंजिनाचं झाकण उघडंच होतं, सील फक्त दारांवर होतं. डावीकडच्या खिडकीच्या चौकटीला टपालवालीने एक तार गुंडाळून त्यात रबरबँड अडकवून ठेवले होते, हाताशी असावेत म्हणून. मापवालीने ते मोजले नाहीत.

खालच्या सांध्यावर काळा रबरी मोजा असतो, धूळ जाऊ नये म्हणून. सुटलेल्या शाफ्टचं टोक त्या मोज्यातच अडकून राहिलं होतं. मोजा दोन बोटांनी खाली ओढला असता तर टोक उघडं पडलं असतं. तिने बोटं मोज्यावर ठेवली. रबर थंड होतं.

अठ्ठावीस असू दे, असं तिच्या मनात आलं. दोन दिवस तेच येत होतं, उठताना, जेवताना, दात घासताना. आणि आता पहिल्यांदाच तिला त्या मागण्याचा दुसरा अर्धा भाग दिसला. अठ्ठावीस असणं म्हणजे चाक नीट होतं आणि टपालवालीने ते वळवलं नाही. आपण कुणासाठी काय मागतो आहोत हे कळल्यावर तिने बोटं मोज्यावरून काढली.

"उघडलंस?" मागून बाबा म्हणाले.

"नाही."

ते एका उलट्या डब्यावर बसले होते. शेडच्या त्या कोपऱ्यात उजेड कमी होता, ती आली तेव्हापासूनच ते तिथे होते.

"मी काल संध्याकाळी इथेच बसलो होतो," ते म्हणाले. "तुझ्यासारखाच. हात त्या मोज्यावर."

"मग?"

"मग काय. उघडलं असतं आणि अकरा निघालं असतं तर मला कागद लागलाच असता. मी स्वतःला ओळखतो. म्हणून उघडलं नाही."

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. पट्टी अजून तिच्या मुठीत होती, घामाने मऊ पडलेली.

"खिळ्याचं मी म्हणाले होते," ती म्हणाली.

"मी ऐकलं होतं."

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

"ठेवला. तू म्हणालीस त्यात मला चूक दिसली नाही. आजही पटकन दिसत नाही, दोनदा विचार करावा लागतो." त्यांनी गुडघ्यावर हात घासले. "आणि शाफ्ट मी निवडला. मी मोजला नाही. घरात मोजणारी होती, म्हणून मी मोजायचं सोडून दिलं असेल. काय माहीत."

"बाबा, समजा अकरा निघालं."

"तर अकरा."

"वर्कशॉप बंद होईल."

"हो."

"तुम्हाला नेतील."

"नेतील कदाचित. किंवा तुला. पिवळी रेघ तुझी आहे." हे त्यांनी अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हटलं. मग त्यांनी हात पुढे केला. तिने पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती चौकोनी घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि दोघं काका येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

गुरुवारी तपासनीस दहाला पाच कमी असताना आला. बुटका, सावकाश चालणारा माणूस, गळ्यात एक चष्मा आणि नाकावर दुसरा. त्याच्या बरोबर टपालवालीचा नवरा होता. तो टेलर होता, खांद्यावर मापाची टेप तशीच राहिली होती, बहुधा त्याच्या लक्षातही आलं नसावं.

"ही गाडी इथे ठेवायलाच नको होती," तपासनीस आल्या आल्या म्हणाला. "ज्यांच्या कामाची तपासणी त्यांच्याच शेडमध्ये. कुणाची अक्कल ही?" उत्तराची वाट न बघता त्याने चारही सील तपासली, मग झाकणाखाली वाकून रबरी मोज्याभोवतीची धूळ बराच वेळ न्याहाळली. "हात लागलाय इथे. बोटांचे ठसे आहेत."

"माझे," मापवाली म्हणाली.

"माझेही," बाबा म्हणाले. "मोजा उघडला नाही."

"ते दिसतंय. मोज्याच्या कडेवरची धूळ मोडलेली नाही." त्याने वहीत काहीतरी लिहिलं. "शाफ्ट कोणी बसवला?"

"मी."

"बोल्ट मी आवळला," मापवाली म्हणाली. "आणि बोल्ट घालण्याआधी खाच चाचपून बघायची यांची पद्धत होती, ती मी बंद करायला लावली."

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कोण काय म्हणालं ते नंतर," तपासनीस म्हणाला. "आधी माप."

 टेलर गाडीच्या डाव्या खिडकीपाशी उभा होता, तारेतल्या रबरबँडकडे बघत. तिथूनच त्याने विचारलं, "साहेब, तिने चाक फिरवलं होतं की नाही, हे यातून कळेल?"

"ते नाही कळणार."

"मग काय कळेल?"

"फिरवलं असतं तर गाडी वळली असती का, एवढं कळेल."

टेलरने मान हलवली. "मी तिला म्हणालो होतो, कशाला हा उपद्व्याप. लोक हसतात. ती म्हणाली, गुडघे माझे आहेत."

तपासनिसाने आधी बोल्ट बघितला. पिवळी रेघ जुळलेली होती, म्हणजे बोल्ट फिरला नव्हता. त्याने स्वतःचा पाना लावला, सावकाश जोर दिला, आकडा बघितला. "चोवीस," तो म्हणाला. "चांगला आवळलाय." ते ऐकून काका वळले, त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. बाबांनी त्यांच्याकडे बघून नुसतं डोकं हलवलं, नाही म्हणून.

मग त्याने रबरी मोजा खाली ओढला.

लाल रंग पुष्कळ होता. टोकाशी चकचकीत पोलाद, आणि त्याच्या मागे लाल, खाचेतही लाल, कुठेही न खरवडलेला, ब्रशचे केस उमटलेले दिसत होते.

तपासनिसाने खिशातून व्हर्निअर काढला. "तीन वाचनं घेऊ," तो म्हणाला. "मी, वर्कशॉपकडून एक, आणि घरच्यांकडून एक. प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, दुसऱ्याला सांगायचं नाही." त्याने व्हर्निअर लावला, नाकावरचा चष्मा काढून गळ्यातला घातला, वाचलं, लिहिलं, जबडे सैल करून व्हर्निअर मापवालीकडे दिला.

 हजारदा केलेलं काम होतं. तिने पट्ट्याच्या कडेला जबडा टेकवला, उजेडाकडे तोंड करून वाचलं, सोडलं, पुन्हा लावलं, पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही. मग चिठ्ठीवर आकडा लिहून चिठ्ठी दुमडली.

टेलरने व्हर्निअर हातात घेतला आणि तो तसाच उभा राहिला. "मला हे येत नाही," तो म्हणाला. "आमचं काम टेपचं. अर्धं बोट इकडे तिकडे शिवणीत जातं."

तपासनीस मोज्यापाशी वाकला होता. काका हलले नाहीत. मापवाली पुढे झाली.

"सोपं आहे," ती म्हणाली. "हे दोन दात आहेत ना, एक चकचकीत भागाच्या या टोकाला टेकवा. दुसरा जिथे लाल सुरू होतो तिथे. दाबू नका. नुसता टेकवा."

"असं?"

"हो. आता ही वरची मोठी पट्टी. तिच्यावर खालच्या पट्टीचं शून्य कुठे आलंय ते बघा. कुठल्या रेघेच्या पुढे गेलंय? ते पूर्ण मिलिमीटर. मोठ्याने म्हणू नका."

त्याने ओठ हलवत मोजलं. "बघितलं."

"आता खालच्या छोट्या पट्टीवर दहा रेघा आहेत. त्यांतली फक्त एकच वरच्या एखाद्या रेघेशी अगदी सरळ येईल. बाकीच्या थोड्या थोड्या चुकतील. ती कितवी आहे ते बघा. तो दशांश."

टेलरने व्हर्निअर डोळ्यांजवळ नेला, सुईत दोरा ओवताना नेतात तसा. बराच वेळ गेला. बाहेरून एक ट्रक गेला आणि फळीवरचे पेडल किंचित वाजले.

"एकच सरळ येते," तो म्हणाला.

"हो. तीच."

त्याने लिहिलं, चिठ्ठी दुमडली आणि व्हर्निअर दोन्ही हातांनी तिला परत दिला.

तपासनिसाने तिन्ही चिठ्ठ्या झाकणाच्या कडेवर उघडल्या आणि आकडे एकाखाली एक वहीत उतरवले.

शाफ्टची सांध्यात गेलेली लांबी. पहिलं वाचन ११.२ मिलिमीटर. दुसरं वाचन ११.२ मिलिमीटर. तिसरं वाचन ११.२ मिलिमीटर. आवश्यक लांबी २८.